डबा, सुतळी आणि चौंडके



पावसाळ्याच्या तोंडावर उकिरड्यावरील आंब्याच्या कोयीला कोंब फुटतो. ती दगडावर घासून मुले पिपाणी करतात, हे आपण पाहिले आहे. बंगालमध्येही हाच खेळ चालतो. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या १९२९ साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘पथेर पांचाली’च्या एका भागाचे नावच ‘आम आँटिर भेंपू’, म्हणजे कोयीची पिपाणी, असे आहे.

कोलकात्याच्या दक्षिणेस हुगळीकाठी बजबज हे तागाच्या गिरण्यांचे गाव आहे. तेथील मुलाला वाद्य करायचे झाले, तर सुतळी शोधत फिरावे लागणार नाही. दुधाच्या भुकटीचा रिकामा डबा घ्यावा, बुडाला मधोमध खिळ्याने भोक पाडावे, सुतळी ओवून आतल्या टोकाला बटण बांधावे. नुसती गाठ मारली तर ती पहिल्याच हिसक्याला निसटते. पत्र्याची धार मात्र मोठ्यांनी आधी ठोकून बोथट करावी. मग ओल्या फडक्याच्या चिमटीत सुतळी धरून ओढली, की डबा कोंबडीसारखा कलकलतो. फडके अडकते, सुटते, पुन्हा अडकते. हा थरथराट बुडाचा पत्रा मोठा करून सांगतो.

छेडण्यासाठी सुतळी कुचकामाची. केसाळ असल्याने तिचा आवाज बद्द येतो. तिच्या जागी गळाची तंगूस ओवावी, दुसऱ्या टोकाला लाकडाचा तुकडा बांधावा आणि डबा काखेत धरावा. तंगूस ताणली की स्वर चढतो, सैल सोडली की उतरतो. बाउलांचा खमक असाच वाजतो आणि आपल्याकडे यल्लम्माच्या जोगत्यांचे चौंडकेही असेच. डब्याला पत्रा, त्यांना कातडे, एवढाच फरक.

शाळांच्या प्रदर्शनांत सोनेरी कागद चिकटवलेली पुठ्ठ्याची वीणा पहिले बक्षीस नेते आणि तिच्यातून चकार शब्द निघत नाही. गंजका पण वाजणारा डबा मागे राहतो. परीक्षक डोळ्यांनी गुण देतात, हा दोष मुलांचा नव्हे. ‘बेसूर’ ठरवून प्रार्थनेच्या वेळी मागच्या रांगेत उभे केलेले मूलही तंगूस ताणता ताणता पेटीच्या स्वराजवळ येते. जरा पुढे जाते, कपाळाला आठी घालते, हात ढिला करते. तेवढ्यात तास संपल्याची घंटा होते आणि डबा दप्तरात जातो. दप्तर भरल्यावरही तो आतून एकदा टणकतो.