आधी चुना, मग वीट

मैत्रिणींनो, आमच्या घराचा नकाशा गवंड्याने काढला. ओसरी ऐसपैस, चूल कोपऱ्यात! मी अंगणात चुन्याने 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट आखले. 2016 सालच्या प्रधानमंत्री आवास योजनेने स्वयंपाकाची जागा धरून घर किमान एवढे असावे असे ठरवले होते. त्या रेघांत मी परात घेऊन बसले, सासूबाईंचे अंथरूण घातले. तेव्हा दिसले, अंथरूण पडले की न्हाणीचे दारच उघडत नाही. दार सरकवले. रेघ पुसायला पैसे पडत नाहीत. भिंत पाडायला पडतात.

योजनेचे सपाट भागासाठीचे 1 लाख 20 हजार हप्त्याहप्त्याने मिळाले. नवऱ्याने हिशेबात विटा, सिमेंट, सळ्या धरल्या. जोत्याचा मुरूम, रेतीची वाहतूक, पाण्याचा टँकर राहूनच गेले. म्हणून गिलावा वर्षभर मागे ठेवला. कर्ज काढले नाही. आणि भिंतींवर पाणी मारायला मी बुडवलेली मजुरी? तीही रोजच्या रोज वहीत लिहिली. ती वही घरात सर्वांसमोर वाचली, तेव्हा कुठे ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर त्यांच्या नावाशेजारी माझे नाव लागले.