एकटीचे घर : बाल्डर्सडेलच्या दरीतील हॅनाबाई
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या उत्सवात एकांतवासाविषयी बोलावयाचे, तर पहिले नाव थोरोचे निघणार हे उघड आहे. दुर्गाबाई भागवतांनी त्याचे ‘वॉल्डन’ ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणले आणि तेव्हापासून तो अमेरिकन माणूस मराठी वाचकांच्या घरचाच होऊन बसला. दुर्गाबाईंचा जन्म १९१० सालचा, इंदूरचा. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे थोडे अधिक अगत्य वाटावे, यात नवल नाही.

थोरोची कथा आपल्याला ठाऊक आहे. १८४५ च्या ४ जुलैला तो वॉल्डन तळ्याकाठच्या आपल्या झोपडीत राहावयास गेला आणि १८४७ च्या ६ सप्टेंबरला तेथून निघाला. झोपडी दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. तिच्या बांधणीला आलेला खर्च त्याने अर्ध्या सेंटापर्यंत मांडून ठेवला आहे : अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. जमीन स्नेह्याची, म्हणजे एमर्सनची. कॉन्कर्ड गाव दीड मैलावर, तेथे आईचे घर आणि त्या घरी जेवावयास जाण्याची मुभा. पुढे टीकाकारांनी या जेवणांवरून त्याला पुष्कळ टोचले. ते टोचणे क्षुद्रपणाचे आहे. आपण सदैव अरण्यात राहिलो असा दावा थोरोने कधी केलाच नव्हता. त्याने एक प्रयोग केला, त्याचा जमाखर्च लिहिला आणि प्रयोग संपल्यावर तो गावात परतला.

परंतु प्रयोग म्हणून नव्हे, तर दुसरे काही हाती नव्हते म्हणून जी माणसे अशा घरात एकटी राहिली, त्यांचे काय? त्यांच्या हातून सहसा ग्रंथ लिहिले जात नाहीत. दिवसभराच्या कामानंतर लेखणी धरण्याइतके त्राण उरत नाही, आणि आपल्या जगण्यात लिहिण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतही नाही. अशांपैकी एका बाईची हकीकत मात्र योगायोगाने जगापुढे आली. तिचे नाव हॅना हॉक्सवेल. आपल्याकडील रीतीप्रमाणे त्यांना हॅनाबाई म्हणू या.

उत्तर इंग्लंडमध्ये पेनाइन नावाची डोंगररांग आहे. तिच्या पूर्व उतारावरून टीस नदी निघते. या टीसला मिळणाऱ्या बाल्डर नावाच्या लहानशा नदीची दरी ती बाल्डर्सडेल. पूर्वी ही दरी यॉर्कशायरमध्ये मोडत असे. १९७४ च्या फेररचनेत ती डरहॅम परगण्यात गेली. सीमेवरच्या गावांचा कारभार एका रात्रीत दुसऱ्या दप्तरात कसा जातो, हे येथील श्रोत्यांना समजावून सांगावयास नको. हॅनाबाई स्वतः अखेरपर्यंत यॉर्कशायरच्याच म्हणून ओळखल्या गेल्या.

समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर, दरीच्या उतारावर, लो बर्क हॅट नावाचे दगडी घर आणि त्याभोवती ऐंशी एकर जमीन. एकर ऐकून कोणी त्यांना जमीनदार समजू नये. त्या उंचीवर धान्य नीट पिकत नाही. गवत तेवढे येते, आणि त्यावर गुरे-मेंढरे पोसावयाची, एवढीच तेथील शेती. हॅनाबाईंचा जन्म १९२६ सालचा. लहानपणीच त्या या घरात आल्या. वडील लवकर गेले. शेत काकांनी सांभाळले. १९५८ साली आई वारली आणि १९६१ साली काकाही गेले. पस्तिशीच्या आसपास असलेली ही अविवाहित बाई त्या घरात एकटी उरली, आणि पुढे सत्तावीस वर्षे तशीच राहिली.

घरात वीज नव्हती. नळ नव्हता. पाणी बाहेरून, ओढ्यावरून बादलीने आणावयाचे. हिवाळ्यात ओढा गोठला की आधी बर्फ फोडावयाचा आणि मग बादली बुडवावयाची. आता यातली गंमत पाहा. घराच्या खालच्याच अंगाला पाण्याचा मोठा विस्तार पसरलेला आहे. बाल्डर नदीवर एकापुढे एक अशी तीन धरणे आहेत : हरी, ब्लॅकटन आणि बाल्डरहेड. टीसच्या खोऱ्यातील दूरदूरच्या वस्त्यांना आणि कारखान्यांना त्यांतून पाणी जाते. त्यांपैकी ब्लॅकटनचा जलाशय लो बर्क हॅटच्या अंगणातून दिसतो. कित्येक मैलांवरच्या घराघरांतून तोटी फिरवताच जे पाणी येत होते, ते ज्या दरीतून जात होते त्या दरीतली ही बाई बादली घेऊन ओढ्यावर जात होती. आपल्याकडील धरणांच्या काठची गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या दृश्याची ओळख पटेल.

त्यांचा दिवस गुरांच्या वेळापत्रकाने चालत असे. त्या मुलखात हिवाळ्यातील दिवस जेमतेम सात तासांचा. उरलेला वेळ अंधाराचा. थंडीचे महिने गुरे गोठ्यात बांधून ठेवावी लागतात, म्हणजे त्यांचे चारापाणी, शेण काढणे, सारे माणसाच्या अंगावर येते. वैरण पाठीवर वा कवेत घेऊन बर्फातून न्यावयाची. गाय आजारी पडली की रात्र गोठ्यात. संध्याकाळी घरात रॉकेलचा दिवा आणि कोळशाची शेगडी. तिच्या पुढ्यात बसले तर तोंड भाजते आणि पाठ गारठते. बाकीच्या खोल्यांत तीही ऊब नाही. अंगावर जुन्या, विरलेल्या कपड्यांचे एकावर एक थर. १९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडने अनुभवलेल्या अतिशय कडक हिवाळ्यांपैकी एक होता. डिसेंबरअखेर पडलेला बर्फ मार्च उजाडेपर्यंत हलला नाही. काकांच्या मागे एकटीने काढावयाच्या हिवाळ्यांपैकी हॅनाबाईंचा तो अगदी सुरुवातीचाच. तो त्यांनी कसा काढला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

उन्हाळ्यात जीव सुटा होई, पण काम सुटत नसे. वर्षाची सगळी वैरण त्या एका हंगामात करून ठेवावी लागते. उन्हाळा मध्यावर आला की गवत कापावयाचे, उन्हात परतून परतून वाळवावयाचे आणि पाऊस येण्याआधी कोठारात भरावयाचे. पेनाइनचा पाऊस फारशी सवड देणारा नव्हे. भिजलेली वैरण कुजते. वैरण कुजली की हिवाळ्यात गुरे उपाशी, आणि गुरे उपाशी तर पुढच्या वर्षीचे उत्पन्न बुडाले.

त्या उत्पन्नाचा आकडाही सांगितला पाहिजे. १९७० च्या सुमारास हॅनाबाईंची वर्षाची मिळकत अडीचशे पौंडांच्या आसपास, फार तर दोनशे ऐंशी. त्या वेळी ब्रिटनमधील सरासरी वार्षिक वेतन तेराशे पौंडांहून अधिक होते. म्हणजे देशबांधवांच्या पाचव्या हिश्शात त्या वर्ष काढीत होत्या, तेही गुरे विकून जे येईल त्यावर. थोरोने अर्धा सेंट मांडला तो पुढे ग्रंथ झाला. हॅनाबाईंचा हिशेब मनातल्या मनात होत असणार, कारण त्यात चूक झाली तर कोळसा कमी पडत होता.

१९७० साली तिकडच्या एका वृत्तपत्राने त्यांच्याविषयी लेख छापला. त्याच्या मथळ्याचा आशय असा, की वर्षाला १७० पौंडांत सुखी कसे राहावे. हा मथळा विचार करावयास लावतो. हॅनाबाई सुखी दिसत होत्या, हे खरे. त्यांना भेटणारा प्रत्येक जण त्यांच्या मृदू आवाजाविषयी, आर्जवी बोलण्याविषयी आणि तक्रारीचा शब्दही न उच्चारण्याविषयी सांगत असे. परंतु दारिद्र्यात हसतमुख राहणाऱ्या माणसाचे हसू पाहून दारिद्र्यच सुखाचे कारण ठरविणे ही भरल्या पोटाची सोय आहे. बर्फ फोडून पाणी भरणाऱ्या बाईला नळ नको होता, असे कोणी सांगू नये.

१९७२ च्या सुमारास यॉर्कशायर टेलिव्हिजनचे बॅरी कॉकक्रॉफ्ट या दरीत चित्रपट करावयास आले. ‘टू लाँग अ विंटर’ हे त्या अनुबोधपटाचे नाव. त्याच्या आरंभी घोंगावणाऱ्या हिमवादळातून एक स्त्री गायीला दोरीने धरून गोठ्याकडे नेताना दिसते. केस पांढरेशुभ्र, अंगावर लक्तरे. पाहणाऱ्याला वाटते, सत्तरीची असावी. त्या वेळी हॅनाबाई शेहेचाळीस वर्षांच्या होत्या.

१९७३ च्या आरंभी हा पट दाखविला गेला आणि सारा इंग्लंड देश हळहळला. दूरदर्शन कंपनीचे दूरध्वनी तीन दिवस मोकळे मिळत नव्हते. हजारो पत्रे आली, पैसे आले. परिसरातील एका कारखान्यातील लोकांनी वर्गणी जमवून लो बर्क हॅटपर्यंत वीज नेली. जे काम इतक्या वर्षांत झाले नव्हते, ते एका तासाभराच्या चित्रपटाने केले. याचा आनंद मानावा, आणि त्याबरोबर हेही मनात येऊ द्यावे, की त्या डोंगरांतून ज्यांच्या दारी कॅमेरा गेला नाही अशी घरे आणखी असणार.

हॅनाबाई प्रसिद्ध झाल्या. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात कर्तबगार स्त्रियांच्या समारंभाला त्यांना सन्मानाने बोलावण्यात आले. मेजवानी आटोपून त्या परत दरीत आल्या, गोठ्यात गेल्या. आलेल्या पैशांतून त्यांनी आणखी काही गाई घेतल्या. ही गोष्ट ऐकून कोणाला हसू येईल. परंतु ज्या माणसाला गाईवाचून दुसरी संपत्ती ठाऊक नाही, त्याने आणखी काय घ्यावे? कष्ट अर्थातच वाढले.

मग त्या तेथून गेल्या का नाहीत, हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला. उत्तर एकच नसावे. वडिलार्जित जमीन होती. मुक्या जनावरांची माया होती. दुसरे काम शिकण्याचे वय निघून गेले होते. आणि जागेची ओढ होती. शेतातल्या एका लोखंडी फाटकापाशी उभे राहून ऋतू येता-जाताना पाहण्याविषयी त्या अनुबोधपटात बोलल्या आहेत. खिशात पैसा असो वा नसो, हे आपल्याकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही, असा त्या बोलण्याचा भाव होता. या भावनेला भोळी म्हणता येत नाही, कारण बोलणारीने तिची किंमत वर्षानुवर्षे मोजलेली होती.

अखेर शरीरानेच निर्णय घेतला. साठी उलटलेल्या बाईला आणखी एक हिवाळा झेपणार नव्हता. १९८८ च्या डिसेंबरात त्यांनी लो बर्क हॅट सोडले आणि पाचएक मैलांवरच्या कॉदरस्टोन गावातील एका लहान घरात त्या राहावयास गेल्या. तेथे शेजार होता, नळ होता. निघण्याची ती हकीकत ‘अ विंटर टू मेनी’ या दुसऱ्या अनुबोधपटात आहे. सत्तावीस वर्षांची एकटीची सोबत म्हणजे गाई. त्यांचा निरोप घेणे घर सोडण्याहून जड गेले. पुढे कॉकक्रॉफ्ट यांच्या साहाय्याने त्यांचे आत्मकथन निघाले आणि ते पुष्कळ वाचले गेले. ज्या बाईने उभे आयुष्य एका दरीत काढले, तिने युरोप आणि अमेरिकाही पाहिली. शेवटचा काळ त्यांनी वृद्धांच्या शुश्रूषागृहात काढला. २०१८ च्या ३० जानेवारीला, एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या वारल्या.

राहता राहिले ते कुरण. हॅनाबाईंच्या शेतावर रासायनिक खत कधी फारसे पडले नाही. आसपासच्या शेतकऱ्यांनी ते वापरले, त्यांचे गवत दुपटीने वाढले, आणि त्या जोमदार गवताच्या सावलीत रानफुले गुदमरून गेली. इंग्लंडमधील जुनी फुलांची कुरणे विसाव्या शतकात बहुतेक नाहीशी झाली, त्याचे एक मोठे कारण हेच. लो बर्क हॅटचे गवत विरळ राहिले. फुलांना उजेड मिळत राहिला. शिवाय कापणी उशिरा, त्यामुळे बी पडून जाई. शेत विकावयास निघाले तेव्हा डरहॅममधील निसर्गसंरक्षक संस्थेने ही कुरणे विकत घेतली. सरकारनेही त्यांना शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून संरक्षण दिले आहे. नाव ‘हॅनाचे कुरण’ असेच आहे.

इंग्लंडच्या कण्यावरून जाणारी ‘पेनाइन वे’ ही पायवाट त्या घराच्या अंगावरूनच जाते. जून-जुलैत तिच्यावरून जाणारे वाटसरू येथे थांबतात. पिवळ्या गोलसर फुलांचे झुपके, जांभळी फुले, आणि नीट वाकून पाहिले तर गवतात दडलेले एखादे नेचे दिसते. ऑगस्टच्या सुमारास, बी झडून गेल्यावर, तेथे पूर्वीसारखीच गवताची कापणी होते.