घाटाचा उतार आणि ऊर्जेची दोन रूपे
(उमरठ येथे शिक्षक व ग्रामस्थांसमोर केलेले भाषण)



नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीने पावन झालेल्या या गावी ऊर्जेविषयी बोलावयाचे, तर उदाहरणे दूर शोधावयास नकोत. ती भोवतालच्या डोंगरांतच आहेत.

कड्यावरील पाण्यात उंचीमुळे ऊर्जा साठलेली असते. ते कोसळू लागले की ती गतीच्या रूपाने प्रकट होते. स्थिती आणि गती यांची ही ऊर्जा म्हणजे यांत्रिक ऊर्जा. औष्णिक ऊर्जा मात्र पदार्थातील असंख्य कणांच्या विस्कळीत हालचालीत असते. शिस्तीने चालणारी दिंडी आणि जत्रेतील गर्दी यांत जे अंतर, तेच या दोहोंत आहे.

गिरणीतील पीठ हाताला गरम लागते, कारण घर्षणाने यांत्रिक ऊर्जेची उष्णता होते. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1840 च्या दशकात पाण्यात वल्ही फिरवून या रूपांतराचे मापच काढले. एक कॅलरी म्हणजे सुमारे 4.2 जूल.

उलट प्रवास मात्र इतका सोपा नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातील भिरा येथे उंचावरून येणाऱ्या पाण्याने जनित्रे फिरतात. अशा केंद्रांत पाण्याच्या ऊर्जेचा बहुतांश भाग विजेत उतरतो. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात मात्र कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच वीज होते. बाकीची वाया जाते. हा केवळ यंत्राचा दोष नव्हे, निसर्गाचा नियम आहे.

या नियमाशी आपला रोजचा संबंध येतो तो आंबेनळी घाटात. दहा टन वजनाचे वाहन एक हजार मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे 9 कोटी 80 लाख जूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेने 30 अंशांचे सुमारे 330 लिटर पाणी उकळीस येईल. हा सारा भार ब्रेकवर टाकला, तर ते तापून निकामी होऊ शकतात. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास इंजिनाचा विरोध त्यातील मोठा वाटा उचलतो आणि ब्रेक थंड राहतात.

शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा आणि पंचायतींनी उताराच्या तोंडाशी ही सूचना ठळक अक्षरांत लागेल असे पाहावे. पाठ्यपुस्तकातील एक व्याख्या अशा रीतीने माणसांचे प्राण वाचवू शकेल.