ब्रेकच्या तेलाचीही खांदेमळणी करा

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मेळाव्यात भावावर बोलायचं, कर्जावर बोलायचं, ही आपली रीत. आज आम्ही गाडीच्या ब्रेकवर बोलणार आहोत. हसू नका. मंडपाबाहेर ओळीनं पिकअप आणि छोटे हत्ती उभे आहेत. कापूस जिनिंगला, ज्वारी बाजारात, खताची पोती घरी, सगळं आता याच गाड्यांतून जातं. यातल्या किती गाड्यांचं ब्रेक ऑईल गेल्या दोन वर्षांत बदललं? हात वर करा बघू. चार हात दिसतात. तर बाकीच्यांसाठी हे भाषण आहे.

आधी आमच्या गावची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. वेचणीचे दिवस होते. आमच्यातल्याच एका घरची पिकअप कापूस भरून जिनिंगला निघाली. गाडीवर घरचाच पोरगा, आणि कापसाच्या गाठोड्यांवर दोघे जण बसलेले. तसं बसू नये, कायदाही नको म्हणतो. पण आपण बसतो. घाट उतरताना पोरानं वरच्या गेअरमध्येच गाडी सोडली आणि खालपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून आला. शेवटच्या वळणावर पाय दाबला, तर पेडल थेट तळाला! त्यानं हँडब्रेक ओढला आणि गाडी दरडीला घासली, म्हणून जीव वाचले. वर बसलेल्यातल्या एकाचं गळपट्टीचं हाड मोडलं. कापूस रस्ताभर झाला.

खरी गंमत पुढं आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही चार जाणती माणसं गाडी पाहायला गेलो. पेडल दाबलं, तर ब्रेक ठणठणीत! गाडी पुढं-मागं घेतली, जागच्या जागी थांबली. मग काय, आम्ही निकाल दिला : पोरगा झोपला असेल, नाहीतर प्यायला असेल. पोरगा शपथा घेत राहिला. कोणी ऐकलं नाही. त्यानं स्टिअरिंगला हात लावणं सोडलं.

महिन्यानं एका जुन्या मेस्त्रीनं चाकावरचं नीपल सोडून तेल बाटलीत काढलं. ते काळ्या चहासारखं होतं. पाच वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. मेस्त्री म्हणाला, "पोराचा ब्रेक खरंच गेला होता. तेल उकळलं होतं."

हे कसं होतं ते नीट समजून घेऊ. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधलं तेल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकललं जातं आणि ते लायनर किंवा पॅड दाबतं. तेल दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र आकसते. विहिरीवरच्या पंपानं हवा धरली की मोटार फिरते पण पाणी येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की तसंच होतं. पेडल लुसलुशीत लागतं, पाय आत जातो, गाडी थांबत नाही.

आता हवा आली कुठून? ब्रेक ऑईल पावसाळ्यातल्या गुळासारखं असतं. हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं पाणी आत मुरतं. डॉट ३ जातीचं नवं तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, तर ते १४० अंशांच्या आसपासच उकळू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. भरल्या गाडीनं घाट ब्रेकवर उतरला की चाकाजवळ प्रचंड उष्णता तयार होते. तेलाला उकळी येते, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा तेल होतं आणि ब्रेक ठणठणीत लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी निर्दोष दिसली आणि निर्दोष पोरगा गुन्हेगार ठरला.

तेव्हा तेल दर दोन वर्षांनी बदलायचं. कसं, ते आता सांगतो. ज्याच्या हाताला पाना माहीत आहे त्यानं करावं. पहिल्यांदा मात्र जाणत्या मेस्त्रीला शेजारी उभं करावं.

तेल कोणतं, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. त्याच जातीचं, सीलबंद घ्या. गेल्या साली उघडून ठेवलेली अर्धी बाटली नको, तिनंही ओलावा धरलेला असतो. आणि हात जोडून सांगतो, इंजिन ऑईल, गिअर ऑईल, हायड्रॉलिक ऑईल यातला एक थेंबही ब्रेकच्या टाकीत जाऊ देऊ नका. आतली रबरं फुगतात, आणि मग सगळी किटं बदलावी लागतात.

गाडी सपाटीवर घ्या. चाकांना पुढून-मागून दगड लावा. झाकण आधी फडक्यानं पुसा, मगच उघडा. मोठ्या सिरिंजनं टाकीतलं काळं तेल काढा (ती सिरिंज पुन्हा जनावरांना वापरायची नाही) आणि नवं तेल भरा.

सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून. आपल्या गाड्यांत मास्टर सिलिंडर उजवीकडे चालकापुढं असतो, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर पुस्तकाचं ऐका. नीपलवर रिंग पाना चढवा. उघड्या पान्यानं त्याचे कोपरे जातात. गंजलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, जोर करून मोडू नका. नीपलवर पारदर्शक नळी बसवा आणि तिचं दुसरं टोक बाटलीत, थोड्या तेलात बुडवून ठेवा.

आता दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. चाकाशी बसलेला ओरडतो, "मार, मार, मार, धर!" पेडलवरचा तीनदा दाबून धरून ठेवतो. मग नीपल पाव आटा सोडायचं. तेल नळीत येतं, पेडल खाली जातं. नीपल आवळून झाल्यावरच "सोड" म्हणायचं. नीपल उघडं असताना पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते, आणि केलेलं सगळं वाया. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल अगदी तळापर्यंत गेलं तर आतली जुनी रबरं फाटू शकतात.

बुडबुडे थांबेपर्यंत आणि नवं स्वच्छ तेल दिसेपर्यंत हे करत राहायचं. दर पाच-सहा वेळांनी टाकी बघा. टाकी कोरडी पडली की हवा मास्टर सिलिंडरमध्ये शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. गाडीला एबीएस असेल तर विशेष जपा. त्याच्या यंत्रात हवा गेली तर कारखान्यातल्या मशीनशिवाय निघत नाही.

शेवटी पेडल मिनिटभर दाबून धरा. कडक राहिलं तर काम झालं. हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गेलाय किंवा कुठंतरी गळती आहे, ती गाडी भरायची नाही. इंजिन सुरू करताना पेडल थोडं खाली सरकतं, ती बूस्टरची ताकद, त्याला घाबरू नका. मग रिकामी गाडी मोकळ्या जागी चालण्याच्या वेगानं फिरवून पाहा.

काढलेलं तेल विषारी आहे. ते पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, विहिरीशी किंवा गोठ्याशी ओतू नका. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उडतो.

ट्रॅक्टरवाले विचारतील, आमचं काय? आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक सळई आणि लिव्हरवर चालतात, त्यात हवा काढायचा प्रश्न नाही. पण दोन्ही पेडलं सारखी लागतात का, ते पाहा, आणि रस्त्यावर ती एकमेकांत अडकवूनच चालवा. आणि तेल कितीही नवं असलं तरी घाट ज्या गेअरमध्ये चढलात, त्याच गेअरमध्ये उतरा.

भावांनो, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळतो. वर्षभर त्या खांद्यांनी ओझं ओढलं, याची ती जाणीव. खंडेनवमीला आपण गाडीला हार घालतो, लिंबू बांधतो. यंदा त्याच्या आधी तेल बदला, मग हार घाला. वेचणी तेव्हा तोंडावर असते. लिटरभर तेलाचा पैसा एका क्विंटल कापसाच्या पैशापुढं किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

आमच्या गावात आम्ही त्या पोराच्या घरी गेलो. चुकलं म्हणालो. तो काही बोलला नाही. पण खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ओसरीवर गाड्यांची रांग लागली, तेव्हा पेडलवर तोच बसला होता. आम्ही चाकाशी बसून ओरडत होतो, "मार, मार, मार, धर!"