कुडाचं घर सारवायचं कोणी?

हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

आमच्या पाड्यावर बचत गटाची बैठक एका जुन्या कुडाच्या घरात भरते. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यावर माती-शेणाचा लेप, वर कौलं. यंदा पावसाळ्याआधी प्रश्न निघाला, हे पाडून पत्र्याची खोली बांधायची का?

तेव्हा एकीच्या लेकीने मोबाइलवर फोटो दाखवले. अमेरिकेत माउंट रेनियर हे १८९९ सालचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचं मुख्यालय पूर्वी लाँगमायर इथे होतं. १९२७ ते १९२९ या काळात तिथे गोल धोंड्यांच्या आणि जाड ओंडक्यांच्या इमारती बांधल्या. रानात त्या परक्या वाटू नयेत, हा हेतू. १९८७ साली त्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरल्या.

फोटो बघून एक आजी म्हणाली, "मग आमच्या बापाने वेगळं काय केलं? रानची कारवी, शेताची माती!"

खरंच की. कुडाचं घर उन्हात पत्र्यासारखं तापत नाही. सवासिनी लग्नाचा चौक लिहितात तो अशाच गेरूच्या भिंतीवर. याच भिंतींवरची कला गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

पण कोपऱ्यातून एक ताई बोलली, "जपा म्हणता, पण सारवायचं कोणी? पोरी पहाटे बोईसरला कंपनीत जातात. म्हाताऱ्यांना वाकवत नाही."

आम्ही सगळ्या गप्प झालो. तिकडच्या इमारती पगारी माणसं सांभाळतात. आमच्या भिंती मात्र बायांच्या फुकटच्या कष्टावर उभ्या आहेत.

मग ठरलं, घर ठेवायचं, पण कष्ट वाटून घ्यायचे. सारवणाला सुटीचा दिवस, घरटी एक माणूस. माती वाहायची आणि कौलं शाकारायची ती पुरुषांनी. जो येणार नाही, त्याने एका दिवसाची मजुरी गटात भरायची. कारवी बदलायची तर आधी वनखात्याला विचारायचं. भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू द्यायचं नाही, वाळवी दर महिन्याला बघायची.

पहिल्या रविवारी चार पुरुष आले. कमीच, पण आले.

बायांनो, तुमच्या पाड्यावरही असं एखादं घर असेल. ते पाडायचं की ठेवायचं, हे बैठकीत जरूर बोला. पण ठेवायचं ठरलं, तर सारवायचं कोणी हेही त्याच बैठकीत वहीत लिहून घ्या.