शून्य आणि रिकामी जागा



पत्रिकेवर माझा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वेबसाइटवर येणाऱ्या माणसांची मोजणी कशी होते, ती मोजणी किती पानांपर्यंत पोहोचली आहे आणि हे सारे एका फळ्यावर कसे दाखवावे, या गोष्टींशी कामगार संघटनेच्या माणसाचा काय संबंध? संबंध आहे. मस्टर, पगारपत्रक आणि गेटवरची वही या तीन पुस्तकांत ज्याची तीस वर्षे गेली, त्याला मोजणीचे कोणतेही नवे यंत्र दिसले की एकच प्रश्न सुचतो : यातून कोण सुटले?

प्रथम यंत्र समजावून घेऊ. वेबसाइट म्हणजे पुष्कळ पानांचे पुस्तक. त्यातले कोणते पान किती लोकांनी उघडले हे कळावे म्हणून प्रत्येक पानाच्या आत, वाचकाला न दिसणारी, संगणकी आज्ञांची एक छोटीशी चिठ्ठी घालतात. तिला टॅग म्हणतात. आपण पान उघडले की चिठ्ठी आपल्या धन्याला निरोप धाडते, "अमुक पानावर एक माणूस आला." हे सारे निरोप एकत्र करून त्यांचे आलेख आणि रंगीत चौकटी ज्या फळ्यावर मांडतात, तो डॅशबोर्ड. साहेबाच्या टेबलावर हा फळा असतो आणि साहेब त्याच्याकडे पाहून निर्णय घेतो.

आता गोम अशी की, ज्या पानावर चिठ्ठीच नाही त्या पानाचा निरोप कधी येत नाही. तिथे हजार माणसे येऊन गेली तरी फळ्यावर ते पान दिसत नाही. किंवा दिसले तर त्याच्यापुढे शून्य दिसते. माणसे आली नाहीत म्हणून पडलेले शून्य आणि मोजणाराच बसवला नाही म्हणून पडलेले शून्य, ही दोन्ही फळ्यावर अगदी जुळ्या भावंडांसारखी दिसतात.

खर्डीकरांना हे सांगायला लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या अलीकडे तानशेत आणि पलीकडे उंबरमाळी. अगदी अलीकडच्या काळापर्यंत तिथे तिकीटखिडकी नव्हती, पण लोकल थांबत असे आणि माणसे चढत-उतरत असत. दूधवाले, भाजीवाल्या बाया, शाळेची पोरे, सारी होती. तिकिटांच्या हिशेबावरून कोणी त्या काळातला प्रवाशांचा फळा केला असता, तर उंबरमाळीपुढे काय आले असते? काहीच नाही. आणि तिथला जो माणूस पुढच्या-मागच्या स्टेशनाचे तिकीट काढून बसे, तो त्या दुसऱ्या स्टेशनाच्या खात्यावर जमा. म्हणजे न मोजलेला माणूस नुसता हरवत नाही, दुसऱ्याचा आकडा फुगवून हरवतो. वेबसाइटवरही नेमके हेच होते. मधल्या पानावर टॅग नसला की तिथून पुढे आलेला वाचक भलत्याच दाराने आला अशी नोंद होते.

दुसरे उदाहरण आपल्या तालुक्याच्या पाण्याचे. पावसाळा आला की मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा तक्ता वर्तमानपत्रात रोज छापून येतो. तानसा आणि भातसा त्यात असतात, दोन्ही आपल्याच तालुक्यातले. कोणत्या तलावात किती पाणी, साठा किती टक्के, सारे व्यवस्थित. हा तक्ता खोटा नाही. पण ज्या पाड्यावर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहतात, त्या पाड्याला त्यात रकाना नाही. तक्त्याची व्याप्ती मुंबईच्या पाण्यापुरती आहे, आणि ही व्याप्ती कोणता वाचक मनात धरतो? पूर्ण भरलेल्या तलावाचा आकडा वाचून शहरातला माणूस म्हणतो, शहापुरात यंदा पाणीच पाणी!

बरे, एकदा लावलेला टॅग कायमचा चालू राहतो असेही नाही. गूगलने २००५ साली अशा मोजणीची सोय फुकट उपलब्ध करून दिली आणि जगभरच्या लहानमोठ्या वेबसाइटींनी ती घेतली. पुढे पद्धत बदलली. १ जुलै २०२३ पासून 'युनिव्हर्सल ॲनालिटिक्स' या जुन्या पद्धतीच्या सर्वसाधारण खात्यांत नवी मोजणी घेणे थांबले. ज्या पानांवर जुनीच चिठ्ठी राहिली आणि नवी जोडणी कोणी केली नाही, त्या पानांचा आलेख त्या दिवशी कड्यावरून धोंडा कोसळावा तसा खाली आला. वाचक मात्र दुसऱ्या दिवशीही येतच होते.

आता माझ्या कामातला प्रसंग सांगतो. कार्यालयाचे नाव घेत नाही. कंत्राटी कामगारांनी लाभासाठी अर्ज कसा करावा याची माहिती त्या कार्यालयाच्या वेबसाइटवर इंग्रजीत आणि मराठीत होती. मराठी पाने जुनी झाली होती, त्यांत सुधारलेले नियम घाला, अशी मागणी घेऊन आम्ही गेलो. अधिकारी सज्जन होते. त्यांनी आपला संगणक आमच्याकडे वळवला आणि म्हणाले, "तुम्हीच पाहा. इंग्रजी पाने लोक वाचतात, मराठी पानांवर कोणी फिरकत नाही. खर्च कशासाठी करायचा?" फळ्यावर खरोखरच मराठी पानांपुढे शून्य होते. आमच्याबरोबर संघटनेचा एक तरुण कार्यकर्ता होता. त्याने तिथल्या तिथे मराठी पान उघडले, त्याच्या आतली मांडणी उलगडून पाहिली, आणि म्हणाला, "साहेब, या पानावर टॅगच नाही." इंग्रजी पाने नव्या ठेकेदाराने केलेली, मराठी पाने जुन्या ठेकेदाराची. नव्याने आपल्या पानांवर टॅग लावला, जुन्यांना हातच लावला नाही. ज्या भाषेत आमचा माणूस वाचतो, ती भाषा कोणी वाचत नाही असे यंत्राच्या तोंडून वदवून घेतले गेले. आणि त्यात कोणाचा दुष्ट हेतूही नव्हता. दुष्ट हेतू असता तर निदान भांडता आले असते!

म्हणून माझे म्हणणे असे की, वाचकांच्या आकड्यांचा फळा टांगण्यापूर्वी व्याप्तीचा फळा टांगला पाहिजे. एकूण पाने किती, टॅग कितींवर, कितींवर नाही, आणि कितींवर असूनही गेल्या महिन्यात हूं की चूं नाही. गूगलच्या व्यवस्थेतही टॅग असलेली, नसलेली आणि असून निपचित पडलेली असे पानांचे वर्ग दाखवण्याची सोय आहे. या तिसऱ्या वर्गाकडे विशेष लक्ष द्यावे. तिथे एक तर वाचक नाही किंवा चिठ्ठी मेली आहे, आणि कोणते खरे हे माणसाने जाऊनच पाहावे लागते.

परंतु एकूण पानांची यादी आणायची कोठून? ती टॅगकडे मागू नये. जो हजर आहे त्यालाच "गैरहजर कोण?" असे विचारण्यासारखे ते होईल. हजेरी घ्यायची तर पट वेगळा हवा. कारखान्यात मी मस्टर गेटवरच्या वहीशी ताडून पाहतो, आणि दोन्ही पगारपत्रकाशी. वेबसाइटलाही गेटवरची वही असते. ज्या संगणकावर ती ठेवलेली असते, तो प्रत्येक मागणीची नोंद स्वतःच ठेवतो, टॅग असो वा नसो. त्या नोंदीत यंत्रांच्या फेऱ्याही मिसळतात, त्या चाळून काढाव्या लागतात. शिवाय दुव्यामागून दुवा धरत पान-पान हिंडून यादी करणारे प्रोग्रॅम आहेत. या याद्या एकमेकींसमोर ठेवल्या की सुटलेली पाने उघडी पडतात. एकाच पानावर दोनदा लागलेला टॅगही सापडतो. त्याला आम्ही मस्टरवरचे दुबार नाव म्हणतो.

मालकाच्या वहीबाहेरून मोजण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे नेले, तेव्हा वहीत न उमटणारे गाऱ्हाणे सह्यांच्या रूपाने मोजले गेले.

फळा रंगवण्याविषयीही थोडे सांगतो, कारण फसगत तिथेच अधिक होते. बहुतेक ठिकाणी एक मोठा आकडा लिहितात : व्याप्ती ९५ टक्के. ऐकून समाधान वाटते. समजा, दोन हजार पानांपैकी एकोणीसशेंवर टॅग आहे. उरलेली शंभर जर इकडेतिकडे विखुरलेली असतील तर फारसे बिघडत नाही. पण ती शंभरच्या शंभर जर तक्रार आणि अर्जाची मराठी पाने असतील, तर त्या ९५ टक्क्यांना काय चाटायचे आहे? तेव्हा टक्केवारी विभागवार आणि भाषावार फोडावी. टॅग असलेल्याला हिरवा, नसलेल्याला तांबडा, निपचिताला करडा रंग द्यावा. आणि जिथे मोजणीच नाही तिथे शून्य कधीही लिहू नये, "मोजले नाही" असे स्पष्ट शब्द लिहावेत. तपासणीची तारीख खाली घालावी.

एक शंका कोणी विचारील म्हणून आधीच बोलतो. प्रत्येक पानावर मोजणारा बसवा म्हणताना मी माणसावर पाळत ठेवा असे म्हणत नाही. पानावर किती आले हे मोजणे वेगळे, आणि कोण आला, कोठून आला, नंतर कोठे गेला याचा माग काढणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला माझा विरोध आहे.

हा प्रश्न केवळ वाचकांचा असता तर आपली संध्याकाळ मी घेतली नसती. २०२३ च्या १ जानेवारीपासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाईलच्या ॲपमधून, दिवसातून दोन छायाचित्रे घेऊन नोंदवणे सक्तीचे झाले. जिथे रेंज नाही तिथे छायाचित्र चढेना, आणि छायाचित्र नाही तर हजेरी नाही, अशा तक्रारी देशभरातून आल्या. चर खणलेला दिसतो आहे, खणणारी बाई समोर उभी आहे, आणि फळ्यावर तिच्या दिवसापुढे काही नाही. वेबसाइटवरचे पान सुटले तर ते पान जुने राहते. इथे चूल थंड राहते. पण सुटण्याची तऱ्हा तीच.

त्या कार्यालयाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. मराठी पानांवर टॅग लागला आणि शून्य पुसले गेले. त्यानंतर मराठी पाने बंद करण्याची भाषा कोणी केली नाही. फळ्याखाली तपासणीची तारीख लिहिण्याचेही त्यांनी मान्य केले. छापील अर्जाच्या ज्या पीडीएफ प्रती तिथे आहेत, त्यांच्या आत हा टॅग चालत नाही. त्या किती उतरवून घेतल्या गेल्या हे गेटवरच्या वहीतूनच काढावे लागेल. ती वही आम्ही मागितली आहे. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, उत्तर अजून आलेले नाही.