सांजोवेजे: टस्कनीचं द्राक्ष, अकलूजची वाइन, आपलं खारपाण

आज एकाच द्राक्षाबद्दल बोलू. नाव जरा जड आहे, सांजोवेजे. दोनदा म्हटलं की जमतं. एकवीसच्या आतल्यांनी शेतीचा भाग ऐका, चाखायचा भाग सोडून द्या.

हे लाल द्राक्ष मूळचं इटलीचं. तिथल्या टस्कनी भागात कियांती नावाची वाइन होते, ती मुख्यतः याचीच. कियांती क्लासिकोच्या नियमाप्रमाणे बाटलीत निदान 80 टक्के सांजोवेजे लागतं. ब्रुनेल्लो दी मोंताल्चिनो तर पूर्ण 100 टक्के त्याचीच, आणि ती काढणीनंतरचं पाचवं वर्ष लागल्याशिवाय विकताच येत नाही. विचार करा, माल तयार आहे आणि रिलीज पाच वर्षांनी! आपल्याकडं दोन आठवड्यांचा स्प्रिंट लांबला तरी मॅनेजरचा फोन येतो.

लाल वाइनचा रंग गरातून येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बहुतेक लाल द्राक्षांचा गर फिकाच असतो. रंग सालीत. म्हणून रस साल-बियांसकट आंबवतात. सालीतूनच तो तुरटपणाही येतो, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तसा. सांजोवेजेची वाइन काळी-जांभळी गडद नसते, माणकासारखी असते. वास आंबट चेरीचा, आणि आंबटपणा चांगलाच. त्यामुळं टोमॅटोच्या जेवणाबरोबर ती जमते. आपल्या झणझणीत पाटवडी-रश्श्याबरोबर घेऊ नका, अल्कोहोलनं तिखट अजून चढतं.

आता महाराष्ट्रात या. वाइन म्हटलं की सगळे नाशिक म्हणतात, पण सांजोवेजेचा पत्ता सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज आहे. नीरा नदीकाठचा उसाचा मुलूख. तिथं फ्रातेल्ली वाइन्स आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, अशा तीन भावांच्या जोड्या, आणि सातवा टस्कनीचा वाइनमेकर पिएरो मासी. त्यांच्या एका वाइनचं नावच सेत्ते, म्हणजे सात. त्यात सांजोवेजे आणि काबेर्ने सोव्हिन्यों असं मिश्रण असतं.

टस्कनीत वेलीला हिवाळ्यात बर्फाळ थंडी मिळते, वेल झोपते. इथं झोपच नाही. म्हणून आपले शेतकरी वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या काड्या तयार होतात. मग पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि माल उन्हाळा लागता लागता उतरतो. तिकडं काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. एकच कोड, पण रनटाइम अगदी वेगळा.

हे सगळं माझ्या चुलत भावाला सांगितलं, तर तो म्हणे, "अबे, मंग आपल्या वावरात लावून पाहू ना दोन एकर! पऱ्हाटीत काय उरते?" प्रश्न मस्करीचा नव्हता. कापसाचा हिशोब घरोघरी तोच आहे. म्हणून मी जरा खोलात गेलो.

पहिली अडचण पाण्याची. दर्यापूर खारपाण पट्ट्यात. बोअरचं पाणी खारं, आणि द्राक्षवेलीला मीठ सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. खरड छाटणीनंतर, म्हणजे ऐन एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात, वेलीला भरपूर गोडं पाणी लागतं. नेमकं तेव्हाच आपल्याकडं ते नसतं. मीठ थोडंफार सोसणाऱ्या डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करतात, हे खरं. पण खुंट म्हणजे जादू नव्हे. त्यात आपली काळी भारी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, तेही मुळांना चालत नाही.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते, गिऱ्हाईक. वाइनचं द्राक्ष लहान, बियांचं, जाड सालीचं. बाजारात ते कोणी खायला घेत नाही. वायनरीनं नाही घेतलं तर माल रस्त्यावर. 2008 नंतरच्या मंदीत नाशिककडं हेच झालं. वाइनचा साठा तुंबला, खरेदी आटली, कित्येकांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. त्यांच्याजवळ निदान खायच्या द्राक्षाचा पर्याय होता, पॅकहाऊस होते. आपल्या आसपास ना वायनरी, ना ती साखळी. आणि पहिलं धड पीक तिसऱ्या वर्षी. तोवर मांडव, तारा, ठिबक यांचे हप्ते चालूच.

तर मी भावाला सरळ नाही म्हटलं नाही. दोन कागद माग म्हटलं. एक, माती-पाणी तपासणीचा अहवाल, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडं चौकशी करून. दुसरा, कोणत्या वायनरीचा लेखी खरेदी करार, भाव आणि टनेज लिहिलेला. नुसता फोनवरचा शब्द नको, व्हॉट्सॲपवर फिरणारी "एकरी लाखोंची कमाई" तर मुळीच नको.

तो चिडला. "तू पुण्यात बसून सांगून रायला," म्हणे. ते बरोबरच आहे, बारा महिने लॅपटॉपवर असतो मी, दिवाळीत तेवढा गावी. पण परवा त्याचा फोटो आला. बोअरच्या आणि शेततळ्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या, वर मार्करनं तारीख. खाली मेसेज, "पाठवून रायलो. पण हरभरा तं पेरतोच."